विळ्याच्या उंचीवर

खानापूर रस्ता सोडला की डाव्या हाताला माळ,
माळावर चारशे केव्हीचं यार्ड.
जानेवारीतलं धुकं तारांवर अजून ओलं,
आणि वर ती चरचर,
कुणीतरी कढईत कांदा टाकून
दाराशी बोलत उभं राहिलंय तशी.

मी मापायला आलेय.
प्लास्टिकच्या तिपाईवर पिवळा ठोकळा,
जमिनीपासून एक मीटर,
मग मागं सरायचं, चांगली सात पावलं.
आपण जवळ थांबलो की क्षेत्र आपल्या अंगावर वाकतं,
आकडा बिघडतो.
नियमच तसा :
माणूस नसताना जागा कशी असते ते मोजा,
माणूस नंतर कागदावर ठेवा.

सिद्राय बिर्जे, ऑपरेटर, सत्तावीस वर्षं नोकरी.
चौथ्या बेखाली थांबून म्हणतो,
"हितं केस टोपी उचलत्यात, बघा."
टोपी काढतो. केस कुठायत?
दोघंही हसतो,
पण त्याच्या हातावरची लव खरोखर उभी आहे.
सहा पूर्णांक दोन, मी लिहिते.

फॉर्म कन्नडमध्ये, माझी टिपणं मराठीत,
आकडे इंग्रजीत. त्यांच्यावरून
अजून तरी कुणी मोर्चा काढलेला नाही.
अकरा नावं. मल्लाप्पा कणबर्गी, ब्रेकर, दीड तास.
भरमा होनगेकर, आयसोलेटर, चाळीस मिनिटं.
किती वेळ, कुठं, किती किलोव्होल्ट दर मीटरला.
मर्यादा दहा. सगळे आत.
रुद्रगौडा साहेब चहा मागवतात.

चहा येईतो
बसबारखाली कुणीतरी हललं.
गवत कापणाऱ्या बायका. चौघी. कंत्राटी.
यादीत नाहीत.

गंगव्वानं चपला काढून ओटीत खोचल्यात.
"चप्पल घातली की खांब चावतोय," ती म्हणाली,
"खडी टोचतीय, पण टोचू दे.
खडी सांगून टोचतीय."
हे माझ्या पुस्तकात तीन पानांवर आहे,
आकृतीसकट.

"काय मापूलालीस, अक्का?"
वीज, म्हणाले. हवेतली.
"दिसती?"
नाही.
"मग कशी मापतीस?"
ठोकळा दाखवला. तिनं तो वाळत घातलेल्या मिरच्यांकडं बघावं
तसा लांबूनच बघितला.

तिपाई खाली केली, आणखी खाली,
तिच्या विळ्याच्या उंचीला.
तिला बाजूला व्हायला सांगितलं. झाली.
मग ताठ उभ्या डोक्याच्या उंचीला.
आकडा थोडासाच हलला : आठ पूर्णांक एक, आठ पूर्णांक चार.
पण मला माहीत होतं, आणि बोलून गेले,
की खरा फरक अंगानं पडतो.
उभं राहिलं की सगळं डोक्याकडं धावतं,
वाकलं की कमी लागतं.

गंगव्वानं कमरेवर हात ठेवला.
"म्हंजे वाकूनच ऱ्हायलेलं बरं म्हणतीस?"

सिद्राय तिकडं वायर गुंडाळायला लागला.
गुंडाळलेलीच होती ती.

किती वेळ असता इथं, मी विचारलं,
कारण रकाना तोच होता.
"उन्ह त्या चिनीमातीच्या बरण्यांवर येईपर्यंत."
घड्याळात किती?
"ते तू बघ."

मी पट्टीनं बारावी ओळ आखली.
साहेब म्हणाले, ह्या आपल्या नव्हेत, ठेकेदाराच्या.
म्हटलं, जागा आपली आहे.
ते चहाकडं बघत राहिले. साय धरली होती.
ओळ राहील की खोडतील,
ठाऊक नाही.

निघताना जीपच्या दाराला हात घालणार,
तर मागून ओरडली, "थांब गे!"
पळत आली, अनवाणी,
हातात ओल्या गवताची एक काडी.
"आधी ह्यानं शिव. मग हात लाव."
शिवले. बोटात जरा मुंग्या आल्या,
चावलं नाही.

काडी मीटरच्या पेटीत पडून आहे, वाळलेली.
अहवालात ती कुठं लिहायची,
यंत्राच्या नावापुढं, की उंचीच्या?